सॉक्रेटिस निमूट आज्ञाधारक नव्हता

महोदय,

ग्रीक तत्त्ववेत्ता सॉक्रेटिस मृत्युदंड झाल्यावर संधी असूनही तुरुंगातून पळाला नाही, म्हणून कायदा निमूट पाळावा, असा दाखला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सची सत्ता तीस जुलमी शासकांच्या हाती गेली. सलामिस बेटावरच्या लिऑन या निरपराध माणसाला ठार मारण्यासाठी पकडून आणा, असे त्यांनी सॉक्रेटिससह पाच जणांना फर्मावले. चौघे गेले, सॉक्रेटिस सरळ घरी निघून गेला. जिवावर बेतेल हे त्याला पक्के ठाऊक होते! त्याआधी, इ. स. पू. ४०६ मध्ये, अथेन्सच्या सेनापतींवर प्रत्येकी वेगळा न चालवता एकत्रित चालवलेला खटला बेकायदा म्हणून नागरिकांच्या खवळलेल्या सभेलाही त्याने विरोध केला होता. स्वतः शिक्षा भोगणे त्याला मान्य होते, दुसऱ्यावरील अन्यायाला हातभार लावणे नव्हे. शाळेत सॉक्रेटिस शिकवताना लिऑनची हकीकत वगळू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे