पूल, पंपाची चावी आणि बी-विंगचं बालपण

बडोदा, दि. 2 जून

मा. अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय: स्विमिंग पूलचं हिरवं पाणी, रोज एक इंच उतरणारी पातळी आणि पंप-रूमची चावी.

तक्रार-रजिस्टरमध्ये धुळेटीपासून तीन नोंदी गुजरातीत केल्या आहेत. तिन्हींपुढे 'जोयुं' (पाहिलं) एवढाच शेरा आहे. आपण स्वतः मराठी असल्यामुळे हे चौथं पत्र मराठीत लिहीत आहे, म्हणजे भाषेची अडचण तरी राहणार नाही.

तोंडी उत्तर मात्र दर वेळी मिळतं, आणि ते एकच असतं. चावी सांभाळणारे बी-विंगचे काका सांगतात, की त्यांची पिढी लालबाग आणि सरदारबागच्या उघड्या तलावांत पोहायला शिकली. तेव्हा कुठल्या पोराला पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ठाऊक होता? कुणाला काय झालं? काकांच्या बालपणाबद्दल आदर आहेच. पण त्यांच्या पिढीतल्या कुणालाही विचारलं तर पाय बुडवून जायची चर, सक्तीचा शॉवर, पाऊण तासाची बॅच आणि शिट्टी वाजली की पाण्याबाहेर, हे सगळंही आठवतं. काकांना फक्त उड्या आठवतात. आणि गंमत अशी, की 'उड्यांमुळे पाणी कमी होते, 200 रु. दंड' ही पाटीही त्यांनीच लावली आहे.

पाणी उड्यांमुळे कमी होत नाही. हे तपासायला एक बादली पुरते. पूलच्या पायरीवर बादली ठेवायची, पूलमधल्या पातळीइतकंच पाणी तिच्यात भरायचं, आत-बाहेर खूण करायची आणि 24 तासांनी पाहायचं. बादलीतलं पाणी उतरलं 7 मिमी. एवढं बाष्पीभवन बडोद्याच्या उन्हात होणारच. पूल उतरला 25 मिमी. आपला पूल 12 बाय 6 मीटर, म्हणजे 72 चौ.मी.; वरचे 18 मिमी म्हणजे दिवसाला जवळजवळ 1,300 लिटर. दुसऱ्या रात्री पंप बंद ठेवला, तेव्हा बादली आणि पूल सारखेच उतरले. म्हणजे टाकीला भेग नाही. पाणी पंप चालू असतानाच जातं. कुठून जातं तेही दिसतं: वाळूच्या गाळणीचं हँडल 'फिल्टर'वर असतानाही बॅकवॉशच्या, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुण्याच्या, पाइपातून गटारात धार चालू असते.

याचं कारण मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमधलं (हे हँडल ज्याचं, त्या पाण्याची वाट बदलणाऱ्या झडपेतलं) स्पायडर गॅस्केट, म्हणजे वाटा एकमेकींपासून बंद ठेवणारं रबर. पंप चालू ठेवून हँडल फिरवलं की ते दाबाखाली मुडपतं आणि फाटतं. आधी पंप बंद, मग हँडल दाबून फिरवणं, मग पंप चालू, एवढंच लक्षात ठेवायचं असतं. बॅकवॉशही वाराप्रमाणे करायचा नसतो. वाळू स्वच्छ असताना गाळणीच्या गेजवर जो दाब असतो, त्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय (दाबाचं एकक) वाढला की करायचा, व्हॉल्व्हवरच्या काचेत पाणी निवळ दिसेपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं. त्यानंतर अर्धा मिनिट रिन्स, म्हणजे सरळ दिशेचं पाणी गटारात सोडणं, नाहीतर सैल झालेली घाण परत पूलमध्ये येते. आपल्याकडे दर रविवारी बॅकवॉश होतो, रिन्स कधीच होत नाही, आणि गेजचा काटा गेल्या दिवाळीपासून एकाच जागी अडकलेला आहे.

गटारात गेलेल्या पाण्याच्या जागी बोअरचं जड पाणी येतं. कडेच्या टाइलवर जो पांढरा थर चढलाय, तो त्याचाच. 'साबण लावून पोहणाऱ्यांमुळे' तो चढत नाही. (ही नोटीस ए-विंगला उद्देशून होती, हे ए-विंगमध्ये सगळ्यांना कळलं आहे.)

आता हिरवेपणा. सरासरी 1.2 मीटर खोलीने आपल्या पूलमध्ये 86,400 लिटर पाणी मावतं. पंप तासाला साधारण 14,000 लिटर ओढतो, म्हणजे पूलभर पाणी ओढायची एक फेरी व्हायला सहा तास हवेत. गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं, त्यामुळे पूर्ण फेरीतही सुमारे 63 टक्केच पाणी गाळणीतून जातं. वीज वाचवण्यासाठी आपण पंप रात्री 10 ते 12 चालवतो. आणखी सहा तास चालवला तर दिवसाला नऊएक युनिटं जास्त जातील. 72 फ्लॅटांत वाटली तर फ्लॅटमागे महिन्याला चार युनिटंही येत नाहीत. लॉबीतलं झुंबर याहून जास्त खात असेल.

ब्लीचिंग पावडर वॉचमन सकाळी सातला टाकतो. उन्हापासून क्लोरिनला आडोसा देणारं सायन्युरिक आम्ल पाण्यात नसेल, तर दुपारपर्यंत त्यातलं फारसं उरत नाही. आणि संध्याकाळी सहाला मुलं उतरतात! पावडर सूर्यास्तानंतर, पंप चालू असताना, बादलीत आधी पाणी घेऊन त्यात विरघळवून टाकावी. पाणी पावडरीवर ओतू नये. 33 टक्क्यांची पावडर असेल तर क्लोरिन 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) वाढवायला आपल्या पूलला सुमारे 260 ग्रॅम लागते. 'दोन मगे' हे माप नव्हे. त्यातही पीएच 7.5 असेल तर क्लोरिनचा जवळजवळ अर्धा भाग कामाचा असतो, 8.2 असेल तर पाचवा हिस्साही नाही. आपला पीएच कुणी मोजत नाही, कारण 'लालबागला कुणाला ठाऊक होता'.

क्लोरिन मोजतात, पण पिवळा रंग येणाऱ्या ऑर्थो-टोलिडीनच्या किटने. त्यात मोकळा आणि घाम-लघवीत अडकून निकामी झालेला, दोन्ही क्लोरिन एकत्र मोजले जातात. म्हणून वॉचमन गर्द पिवळी नळी दाखवून 'भरपूर आहे' म्हणतो आणि शेवाळ वाढतच राहतं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट लागेल. त्यात दोन्ही वेगवेगळे कळतात. नाकात जाणारा उग्र वास आणि लाल डोळे, ज्यांना काका 'पूर्वीचं कडक क्लोरिन' म्हणतात, ते याच अडकलेल्या क्लोरिनचं, म्हणजे क्लोरामाइनचं लक्षण आहे. तो वास आला की क्लोरिन कमी करायचा नसतो, एकदा भरपूर वाढवायचा असतो: अडकलेल्याच्या दहा पट. 0.6 पीपीएम अडकलेला असेल तर 6 पीपीएम, म्हणजे याच पावडरीचे सुमारे दीड किलो, रात्रभर पंप चालू ठेवून. आणि मोकळा क्लोरिन 3 पीपीएमच्या खाली येईपर्यंत पूल बंद. मोरचूद टाकण्याची सूचना कृपया परत मांडू नये. पाण्यात तांबं साठतं आणि टाइलवर डाग पडतात.

एक गोष्ट मात्र आजच्या आज व्हायला हवी. स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या खाचेच्या, टोपलीत ट्रायक्लोरच्या (हाही क्लोरिनचाच एक प्रकार) गोळ्या ठेवल्या आहेत, आणि पूल हिरवा दिसला की त्यावरच ब्लीचिंग पावडर ओतली जाते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की विषारी वायू सुटतो, आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. पंप-रूममध्ये त्यांचे डबेही एकावर एक आहेत आणि दोघांसाठी चमचा एकच. तळाच्या ड्रेनची जाळीही तुटलेली आहे. पंप चालू असताना तिथे मुलाचे केस किंवा हात ओढला जाऊ शकतो.

फलकावरचा नियम 3 स्पष्ट आहे: शॉवरशिवाय पाण्यात उतरू नये. तो दोन्ही विंग्जना लागू आहे, धुळेटीलाही. नियम 7, म्हणजे पंप-रूममध्ये परवानगीशिवाय जाऊ नये, याचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही.

ए-विंगमधल्या सर्व माता या मताशी सहमत आहेत. दोघींनी तसं जिन्यात बोलूनही दाखवलं आहे. तरी विनंती अशी:

जाळी आणि गॅस्केट या आठवड्यात बदलावं; तोवर पूलला कुलूप. डबे वेगळ्या खोल्यांत. डीपीडी किट आणि एक वही, तीत रोज दोन वेळचे आकडे, लिहिणाऱ्याची सही. उड्यांची पाटी काढावी. पंप-रूमची चावी गेजचा काटा वाचू शकणाऱ्या कुणाकडेही द्यावी. काकांनी शॉवरपाशी शिट्टी घेऊन उभं राहावं. त्यांच्या आठवणींतला तेवढा भाग आपल्याला खरोखरच हवा आहे.

आपला,
सी-विंगमधील एक सभासद
(सही मूळ प्रतीवर)

ता. क. पूलच्या पायरीवरची निळी बादली कुणाची विसरलेली नाही. ती मापाची आहे. काल ती कुणीतरी मोटार धुवायला नेली. कुणी नेली ते लिहीत नाही, पण मोटार बी-विंगखाली उभी होती.