रोममधली तुमची सकाळची कॉफी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

माझी रजा पुढे गेली तरी तुमची तिकिटं मी बदललेली नाहीत. बदलायची म्हणजे पुन्हा व्हिसाची धावपळ, आणि जुलैमधलं रोमचं ऊन आईला सोसणार नाही. सुरुवातीला तुम्ही दोघंच असाल, याचं मला फार वाटतंय. म्हणून हॉटेल मुद्दाम असं घेतलंय, की खाली उतरलं की समोरच कॉफी मिळते. दारावर ‘बार’ लिहिलेलं असेल. बाबा, खुशाल आत जा. तिकडे कॉफी बारमध्येच मिळते, सकाळी आजीबाईसुद्धा तिथेच उभ्या असतात.

आत शिरताना ‘बुओनजोर्नो’, म्हणजे नमस्कार, म्हणा. गर्दीच्या आणि स्टेशनवरच्या बारमध्ये आधी ‘कास्सा’वर, म्हणजे गल्ल्यावर, पैसे भरायचे, ‘स्कोंत्रीनो’ ही पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून पुन्हा सांगायचं. लहान बारमध्ये आधी पिऊन मग पैसे देतात. पुढचा माणूस काय करतो ते पाहा, म्हणजे कळेल.

दर दोन असतात: काउंटरशी उभं राहून प्यायलात तर कमी, टेबलाशी बसलात तर जास्त, चौकातल्या टेबलांवर तर कितीतरी जास्त. काउंटरवर घेतलेला कप उचलून टेबलाशी नेऊन बसायचं नाही, ते तिथे चालत नाही. पण बाबा, तुमचे गुडघे आहेत. तुम्ही बसूनच प्यायची. आधी टेबलाशी बसा, वेटर येतो. वरचे पैसे मी आधीच धरले आहेत, आता त्यावर हिशोब नको. व्हेनिसला सान मार्कोच्या चौकात मात्र मी आल्याशिवाय बसू नका, तिथे वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचे पैसे वेगळे लावतात.

नुसतं ‘काफे’ म्हटलं की एस्प्रेसो येते: जेमतेम 25-30 मिली, दोन-तीन घोटांत संपणारी. आई, तुला ती कडू लागेल. तुझ्या घरच्या कॉफीच्या जवळची म्हणजे ‘काफे लात्ते’. दोन्ही शब्द म्हण, नुसतं ‘लात्ते’ म्हटलंस तर दुधाचा पेला समोर येईल. कापुचीनोचं, म्हणजे फेसाळ दुधाच्या कॉफीचं, दूध साधारण 60-65 अंशांपर्यंतच तापवतात, त्याहून फार तापलं तर फेस बिघडतो आणि दुधाची गोडी जाते. तुला ते कोमट वाटेल, तेव्हा आधीच ‘मोल्तो काल्दो’, म्हणजे खूप गरम, असं सांग. कापुचीनो तिथे सकाळची, साधारण अकरापर्यंतची. जेवणावर एवढं दूध पोटाला जड, असं ते मानतात. मागितलीस तर नाही म्हणणार नाहीत. पण चारच्या सुमाराला ‘काफे मक्कियातो’ घेऊन बघ, थोड्याशा दुधाची असते. जेवणानंतर कॉफी सगळ्यांत शेवटी येते, गोड खाऊन झाल्यावर. विसरले असं समजून उठू नका.

बाबा, दुपारनंतर तुम्हाला ‘देकाफेइनातो’, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफीच. किंवा ‘ओर्झो’ मागा, भाजलेल्या जवाची असते, कॅफिन अजिबात नाही. ‘जिनसेंग’ची कॉफी घेऊ नका, त्याच्या पुडीत बहुधा साखर आधीच मिसळलेली असते. रोममधल्या पँथिऑनजवळचं सांत’एउस्ताकियो हे कॉफीचं दुकान 1938पासूनचं, तुम्हाला बघायचंच असणार. तिथे साखर घोटूनच देतात, म्हणून आधी ‘सेन्झा झुक्केरो’, म्हणजे बिनसाखरेची, म्हणायचं. रागावू नका, मागच्या दिवाळीनंतरचा रिपोर्ट मला पाठ आहे.

आई, काचेच्या कपाटातल्या कोर्नेत्तोत, म्हणजे चंद्रकोरीसारख्या गोड पावात, अंडं असतं. दशम्या खोलीवरच खाऊन खाली उतरा, बारच्या टेबलावर आपला डबा उघडत नाहीत. गोळी मात्र उपाशीपोटी नको. आणि कॉफी झाली की तिथलंच स्वच्छतागृह वापरून निघा. बाहेर फिरताना सहज सापडत नाही, गिऱ्हाइकाला बारमध्ये अडवत नाहीत. कधी किल्ली गल्ल्यावर मागावी लागते, पावती हातात असू दे.

टीप द्यायलाच हवी असं नाही. 10-20 सेंट ठेवलेत तरी पुरे.

आई, तू म्हणालीस, ‘आम्हाला काय कळणार तिथलं.’ सगळं कळेल गं. हे शब्द मी मोठ्या अक्षरांत लिहून बाबांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवलेत. बोलायला जड गेलं तर कागद दाखवा. आणि रोज पहिली कॉफी झाली की मला मेसेज टाका, गोळी घेतल्याचाही.

तुमची,
मनू