आबांच्या कीर्तनांसाठी डीव्हीडी रायटर

अंबाजोगाई,
रंगपंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. आबांच्या कीर्तनांच्या २२ कॅसेट तू संगणकावर उतरवून घेतल्यास, हे वाचून मन भरून आले. उद्या नाथषष्ठी. लहानपणी आपण दोघे आबांचे बोट धरून पैठणला जात असू, आणि गोदावरीच्या वाळवंटात त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत असे, ते सारे आठवले. तोच आवाज आता तुझ्या हार्ड डिस्कवर आहे, आणि हार्ड डिस्क एक दिवस अचानक बंद पडते. म्हणून ती कीर्तने डीव्हीडीवरही उतरवून ठेवण्यासाठी घरच्या संगणकाला बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर कोणता घ्यावा, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर सवडीने लिहितो आहे.

तुझ्या कॅबिनेटला पुढून मोठा खण असता, तर आतला रायटर बसव असेच सांगितले असते, कारण तो स्वस्त पडतो आणि त्याला एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाच्या आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, थेट वीज मिळते. पण नव्या कॅबिनेटला तो खण नाही असे तू लिहिले आहेस, तेव्हा यूएसबीचाच रायटर घ्यावा लागेल.

दुकानदार सर्वांत आधी वेग सांगेल. त्याकडे फार लक्ष देऊ नकोस. एलजी आणि असूस या दोन्ही कंपन्यांचे सडपातळ रायटर डीव्हीडी ८एक्स वेगाने आणि सीडी २४एक्स वेगाने लिहितात. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, म्हणजे ८एक्सला ११ एमबीच्या आसपास. एवढ्यासाठी जुने यूएसबी २.० सुद्धा पुरून उरते. अडचण येते ती विजेची. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे, आणि सडपातळ रायटरला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसल्याने मोटर फिरवणे व लेझर पेटवणे ही दोन्ही कामे त्याला एवढ्याच विजेवर करावी लागतात. वाचताना लेझर मंद असतो, लिहिताना प्रखर. त्यामुळे जो रायटर जुनी डिस्क सुरळीत वाचतो, तोच लिहिताना अर्ध्यावर थांबू शकतो.

हे मी अनुभवले आहे. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून मी बिननावाचा स्वस्त रायटर आणला आणि सोयीचे म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला जोडला. ओळीने पाच डिस्क वाया गेल्या, कारण अर्धवट लिहिलेल्या डीव्हीडीवर पुन्हा पहिल्यापासून लिहिता येत नाही. पुढचा पोर्ट आतल्या बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेला असतो आणि भार वाढला की तेथे व्होल्टेज उतरते, हे नंतर उमगले. मागच्या पोर्टला, आखूड केबलने जोडल्यावर तोच रायटर बराच सुधारला. म्हणून तू पहिल्यापासूनच मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टला जोड; एकाच केबलला दोन यूएसबी टोके असलेला रायटर मिळाला तर आणखी उत्तम, कारण दुसऱ्या टोकातून जादा वीज मिळते.

ट्रे बाहेर येणारा रायटरच घे. फटीतून डिस्क आत ओढून घेणारे रायटर दिसायला देखणे असतात, पण ताईच्या लग्नाचे चित्रीकरण ज्या हॅंडीकॅमवर झाले, त्याच्या डिस्क ८ सेंटिमीटरच्या आहेत हे विसरू नकोस. तशी डिस्क फटीच्या रायटरमध्ये अडकण्याची भीती असते. ट्रेच्या मधल्या गोल खिळीवर मात्र ती नीट दाबून बसवता येते.

ब्ल्यू-रेचा विचार तू केला आहेस, आणि हिशेबाने तो चुकीचा नाही. एका तासाची कॅसेट सीडीच्या दर्जात ठेवली की सुमारे ६३५ एमबी होते, म्हणजे २२ कॅसेटचे १४ जीबी, आणि ब्ल्यू-रेच्या एका डिस्कवर २५ जीबी मावतात. तरीही मी डीव्हीडीच घे म्हणेन. तो रायटर बराच महाग, कोऱ्या डिस्क आपल्याकडे सहज मिळत नाहीत, आणि सोनीने तर लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर सात कॅसेट बसतात. चार डिस्कमध्ये सगळे काम होते, आणि त्या डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या कोणत्याही घरच्या जुन्या संगणकावर वाचता येतात. गावाकडे आत्याबाईंना सीडी प्लेअरवर ऐकायचे आहे, त्यांच्यासाठी एकेका कीर्तनाची ऑडिओ सीडी वेगळी कर. तीवर ८० मिनिटे मावतात, म्हणजे एक कॅसेट पूर्ण येते.

वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे पाडव्याच्या मुहूर्तावर घ्यायचे असेल, तर जाताना ताईच्या लग्नाची ती डिस्क आणि एक कोरी डीव्हीडी बरोबर ने. दुकानातच पहिली वाचून पाहा आणि दुसरीवर काही लिहून पाहा. एवढी परवानगी न देणाऱ्या दुकानातून घेऊ नकोस. रायटरच्या खोक्यावर एम-डिस्क या खास टिकाऊ डिस्कचे चिन्ह असेल तर तेही पाहून ठेव. त्या डिस्कचा लिहिण्याचा थर सेंद्रिय रंगाचा नसल्याने ती साध्या डिस्कपेक्षा जास्त टिकते. महाग आहे, पण आबांच्या कीर्तनांसाठी तो खर्च मला योग्य वाटतो.

लिहिताना घाई करू नकोस. कोरी डिस्क घातल्यावर विंडोज विचारते की ती पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी; दुसरा पर्याय निवड, म्हणजे डिस्क इतरत्रही चालेल. मी स्वतः मात्र इमेजबर्न (ImgBurn) हा डिस्क लिहिण्याचा प्रोग्राम वापरतो, कारण लिहून झाल्यावर तो सगळी डिस्क पुन्हा वाचून मुळाशी ताडून पाहतो. वेग ४एक्स ठेव. पूर्ण डिस्कला साधारण पंधरा मिनिटे लागतात. परभणीत वीज कधी जाते ते तुला माहीत आहेच, तेव्हा संगणक यूपीएसवर असल्याशिवाय लिहायला बसू नकोस.

झालेल्या डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नकोस, डिस्कसाठी मिळणाऱ्या मार्करने नाव लिही आणि त्या डबीत उभ्या ठेव. तुमचे लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे. वैशाखात ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते, आणि साध्या डिस्कचा रंगाचा थर उष्णतेने व उन्हानेच खराब होतो. मधल्या खोलीतल्या, आबांची पोथी असते त्या लाकडी फडताळात जागा कर.

दोन संच करशील ना? एक तुझ्याकडे राहू दे आणि दुसरा अंबाजोगाईला पाठव. मी दरवर्षी नाथषष्ठीला तो लावून तपासत जाईन आणि एखादी डिस्क अडखळू लागली तर लगेच तुला कळवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र