आधी गच्चीवरचे पाणी अडवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या जलवाहिनीचे पाणी आले की छत्रपती संभाजीनगरचा पाणीप्रश्न मिटेल, असे जो तो म्हणतो आहे. पाणी यायलाच हवे. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहणाऱ्या आमच्या गल्लीइतकी त्याची निकड कुणाला असेल? पण हे पाणी येणार जायकवाडी धरणातून, आणि ते इथून सुमारे ५० किलोमीटर लांब आणि शहराच्या शंभर मीटरहून अधिक खाली. थेंब न् थेंब विजेवर चढवून आणायचा. वीज गेली की उपसा बंद.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला याच गावाला पंपाशिवाय पाणी दिले. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी मुरलेले पाणी भुयारी नहरीतून निव्वळ उतारावर गावात आणले. आज तो डोंगरउतार आपण बांधकामांनी झाकत चाललो आहोत, म्हणून निदान त्या बांधकामांच्या गच्च्या तरी कामाला लावाव्यात.

शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७० हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५६ हजार उरते. पाच-सहा मोठे टँकर झाले!

मी आयुष्यभर बांधकामावर देखरेख केली. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना पर्जन्यजल संकलन, म्हणजे पावसाचे पाणी खड्ड्यात मुरवणे किंवा टाकीत साठवणे, सक्तीचे आहे, पण त्यासाठीचे पुष्कळ खड्डे कागदावरच मुरतात. एका इमारतीत तर काळ्या मातीतच चार फूट खणून वर खडी पसरली होती. काळी माती भिजली की फुगते, पाणी खाली जाऊच देत नाही. मुरूम लागेपर्यंत खणायला हवे. खाली अखंड पाषाण लागला तर पाणी गाळून सरळ टाकीत साठवावे. पहिल्या सरीचे काळपट पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह हवा. तोही बहुतेक ठिकाणी नसतो.

माझी महापालिकेला कळकळीची विनंती आहे. इमारत वापरायची परवानगी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, देण्याआधी त्या खड्ड्यात टँकरभर पाणी ओतून बघा. ते मुरले तरच सही करा. आणि जुन्या इमारतींचे खड्डे दर मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, उघडून तपासा.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक,
सिडको, छत्रपती संभाजीनगर