वैजूला, कंबरेच्या रिपोर्टनंतर

सातारा
१२ जुलै

प्रिय वैजू,

तुझा एमआरआयचा रिपोर्ट मिळाला आणि तो लांबलचक व्हॉइस मेसेजही ऐकला. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि दोन वाक्यांनंतर आपण भलत्याच कुणाच्या तरी लग्नावर पोचतो. म्हणून लिहितेय. निवांत वाच. आणि खुर्चीत बसून नको, पलंगावर पालथी पडून, कोपरांवर टेकून वाच. का ते पुढे येईल.

आधी रिपोर्ट. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगलीय, तिच्यातलं पाणी कमी झालंय, कंबरेची कमान जरा सपाट झालीय. बास, एवढंच आहे त्यात. भाषा मात्र अशी की वाचणाऱ्याला वाटावं, आता आयुष्यभर कमरेला पट्टा. अगं, पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांच्या स्कॅनचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र करून पाहिले होते. विशीतल्या पोरांपैकीसुद्धा ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. तुझं ते 'बल्ज', म्हणजे गादीचा फुगवटा, चाळिशीतल्या निम्म्या लोकांत होतं, आणि त्यांची कंबर ठणठणीत! कानाशी आलेल्या पांढऱ्या केसांना तू आजार म्हणत नाहीस, मेंदी लावून लोकल पकडतेस. बरंचसं तसलंच आहे हे.

म्हणजे तुझं दुखणं खोटं, असं मुळीच नाही. गादीच्या मध्यभागी पाणीदार गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची वलयं. ही वलयं मागच्या बाजूला कमकुवत झाली की गादी तिकडे फुगते, शेजारून जाणारी शीर चिडते आणि कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरते. मे महिन्यात तुला झालं ते हे. पण गादी 'सरकली' म्हणून तू जे डोळ्यांपुढे आणतेस, ती जागची सुटून कुठेतरी जाऊन बसलीय, तसं काही होत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. फाटून आतला गर बाहेर आला तरी शरीर पुष्कळदा तो हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठे, सुटे झालेले तुकडे लहान फुगवट्यांपेक्षा जास्त वेळा विरघळतात. त्यामुळे ऑपरेशनची भीती तूर्त बाजूला ठेव. बहुतेकांवर ती वेळ येत नाही.

आता ती तीन आठवड्यांची विश्रांती. कुणी सांगितली त्यांचं नाव विचारत नाही, पण मला राग आला हे खरं. नेदरलँड्समध्ये १९९९ साली पायात कळ जाणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला दोन आठवडे अंथरुणावर ठेवलं, दुसऱ्याला झेपेल तशी कामं करा म्हणून सांगितलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. म्हणजे अंथरुणावर पडून काडीचाही फायदा नाही, नुसती रजा गेली. गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिला लागणारं अन्नपाणी आजूबाजूच्या हाडातून झिरपत येतं, आणि दाब पडणं-सुटणं चालू राहिलं की त्याला मदत होते. तू पडून राहिलीस तर हे मंदावतं आणि पाठीचे, पोटाचे स्नायू ढिले पडतात ते वेगळंच.

पालथी पडलीस ना? आता त्याची गोष्ट. न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ साली वेलिंग्टनच्या त्यांच्या दवाखान्यात पाय दुखणारा एक रुग्ण आला. हे म्हणाले, आत जाऊन खाटेवर पालथे पडा, मी आलो. खाटेची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर केलेली, ती तशीच राहिली होती. तो बिचारा तसाच, कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत, काही मिनिटं पडून राहिला. मॅकेन्झी आत येऊन बघतात तर काय, याच्या पायातली कळ गेलेली! त्यातून पुढे त्यांची सगळी पद्धत उभी राहिली. आपल्याकडे भुजंगासन किती जुनं, पण पायातली कळ कंबरेकडे वर सरकणं हे बरं होत असल्याचं चिन्ह, हे त्यांनी पद्धतशीर दाखवून दिलं. तुला याच एका खुणेवर चालायचंय. कोपरांवर टेकून दोन-तीन मिनिटं पड. बरं वाटलं तर तळवे टेकून छाती वर उचल, कंबर आणि नितंब सैल सोडून. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत आली तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालू ठेव. उलट पायात खाली उतरायला लागली तर लगेच थांब आणि मला कळव.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, चालताना पाऊल लटकं पडून चप्पल निसटायला लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. उद्या बघू नाही. आणि बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याच्या टीबीची शंका आधी घ्यावी लागते. तुला यातलं काही नाही, मी तुझा मेसेज दोनदा ऐकून खात्री केली. तरी माहीत असू दे.

घरातल्या सगळ्यांनी तुला 'ताठ बस' म्हणून हैराण केलंय, त्यांना माझ्यातर्फे सांग की अमुक एका पद्धतीनं बसलं की कंबर दुखतच नाही, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. शाळेत आपल्याला पट्टी दाखवून ताठ बसवायचे, त्याचा मणक्यापेक्षा वर्गाच्या शिस्तीशी संबंध जास्त होता. कसंही बसलीस तरी तसंच फार वेळ राहणं वाईट. ताठ बसून चार तास आणि पोक काढून चार तास, संध्याकाळी दोघींची पाठ बोलणारच. बँकेत अर्ध्या तासानं उठ, शिपायाला हाक मारण्याऐवजी फाइल स्वतः आण, फोन उभ्यानं घे. खुर्चीत कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेव, खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर, पाय जमिनीला टेकलेले, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. आणि लोकलमध्ये मोबाइल पोटाशी धरून मान घालून बसतेस ते बंद कर. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं आणि जितकं पुढे झुकेल तितका मानेच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो. मोबाइल वर घे, मान खाली नको. खांदे मागे ओढणारे ते पट्टे ऑनलाइन मागवायचा विचार आहे म्हणालीस. नको मागवूस. ते काम तुझ्या स्नायूंनी करायचंय, त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस.

तुझी खरी गोम मला बँकेत नाही, स्वयंपाकघरात दिसतेय. तू उंच, आणि तो ओटा सासूबाईंच्या उंचीनं बांधलेला. पोळ्या लाटताना तू अर्धवट वाकलेली असतेस, ना धड उभी ना धड ओणवी, आणि हेच कंबरेला सगळ्यात जड जातं. ओटा फोडायला सांगत नाही (जोशीबुवा ऐकायचे नाहीत). एक पाय पाटावर ठेवून उभी राहा, पाच-दहा मिनिटांनी पाय बदल. पोळपाटाखाली जाड लाकडी फळी घाल. सिंक तर ओट्याहूनही खोल, त्यात एक पातेलं उपडं घालून त्यावर भांड्यांचं टोपलं ठेवून घासत जा. नाहीतर जोशीबुवांना घासू दे, त्यांची कंबर उत्तम आहे.

सकाळचं तेवढं जप. रात्रभर आडवं असताना गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून तर सकाळी आपली उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. अशा भरलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. तेव्हा उठल्याउठल्या केर-फरशी, बादलीतले कपडे पिळणं, पायांच्या अंगठ्यांना हात लावायचे व्यायाम, हे पहिल्या तासात नको. तासाभरानं खुशाल वाक. वाकताना खुब्यातून वाक, वजन अंगाशी धर. सिलिंडर मात्र पोराला सरकवू दे.

सूर्यनमस्कारांचं विचारलंस. मी सातारची, नको कशी म्हणू? आमच्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांत मुलांना नमस्कार घालायला लावले आणि स्वतः म्हातारपणापर्यंत घातले. मला विचारशील तर गाद्या-फळ्या विकणाऱ्या सगळ्या दुकानांपेक्षा त्या एका राजानं महाराष्ट्राच्या पाठींचं जास्त भलं केलं. पण तू आत्ता लगेच नको. पायातली कळ पूर्ण जाऊ दे. तोवर तीनच व्यायाम कर. हात आणि गुडघ्यांवर ओणवी होऊन उजवा हात नि डावा पाय लांब करून सात-आठ सेकंद धरायचं, मग दुसरी बाजू, कंबर हलता कामा नये. सेतुबंधासन, म्हणजे उताणं पडून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची. आणि कुशीवर कोपर टेकून, गुडघे दुमडून कंबर जमिनीवरून उचलायची. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी मणक्यावर कमी भार देऊन स्नायू घट्ट करणारे जे व्यायाम निवडले, त्यांत पहिला आणि तिसरा आहेत. ते नीट जमले की नमस्कार सुरू कर, गुडघे किंचित वाकवून, चारपासून. रथसप्तमीला १०८ घालायची पैज या वर्षी राहू दे. तुमच्या सोसायटीतल्या त्या बाईंना काय वाटायचं ते वाटू दे.

आणि चाल, वैजू. हे सगळ्यात स्वस्त आणि म्हणूनच कुणी ऐकत नाही. ऑस्ट्रेलियात पाठदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर अभ्यास झाला, २०२४ साली छापून आला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत ज्यांना नेलं, त्यांचं दुखणं परत यायला मध्यमानानं २०८ दिवस लागले, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचं ११२ दिवसांत परतलं. स्टेशनला रिक्षानं जातेस ती सोड. डोंबिवलीच्या खड्ड्यांतून बसणारे दणके वाचतील तो नफा वेगळा.

झोपायच्या गादीबद्दल थोडक्यात: लाकडी फळीवर झोपू नकोस. स्पेनमध्ये तुलना करून पाहिली तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर कंबर जास्त बरी राहिली. कुशीवर झोपलीस तर गुडघ्यांमध्ये उशी घे. आणि रात्री साडेबारापर्यंत मालिका बघून पहाटे पाचला उठतेस ते चालणार नाही. झोप कमी पडली की तीच कळ दुप्पट वाटते, हे मी माझ्या दवाखान्यात रोज बघते.

ऑफिसच्या काळजीनं दुखणं वाढतं असं तू जरा लाजत म्हणालीस. लाजायचं काय त्यात? वाढतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांची कंबर दुखत होती, त्यातल्या कितीजणांच्या मागे हिशेब जुळवण्याची तारीख लागलेली असेल! मन ताणलं की स्नायू आवळतात. त्यावर माझ्याकडे आसन नाही, पण मार्चअखेर सोडून बाकीच्या महिन्यांत वेळेवर घरी निघता येतं हे तुलाही ठाऊक आहे.

सप्टेंबरात कासला येते म्हणतेयस ते नक्की कर. तोवर पठारावर चालण्याइतकी होतेस. एसटीनं आलीस तर मागच्या सीटवर बसू नकोस, आणि वाटेत एकदा उतरून पाय मोकळे कर.

जोशीबुवांना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझी,
माधवी

ता. क. सासूबाईंची उंची दोन इंच कमी झाली आणि पाठीला पोक आलाय, हे तू जाताजाता सांगितलंस. मला तुझ्यापेक्षा त्यांची काळजी वाटतेय. त्या वयात हाडं ठिसूळ होऊन मणका पुढच्या बाजूनं दबतो, कधीकधी दुखतसुद्धा नाही. त्यांची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घे, 'ड' जीवनसत्त्व बघ. रोजची नाचणीची भाकरी चालू ठेव, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि टीव्हीवर बघून त्या पुढे वाकायची आसनं करतात ती आजपासून बंद. रिपोर्ट आला की पाठव.