चौऱ्याण्णववर अडलेला आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी देवरुखची निवृत्त शिक्षिका. संध्याकाळी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, आणि सून घरूनच पुण्यातल्या कंपनीचे काम करते. दोघींची ओढाताण नको म्हणून वर्षापूर्वी इंटरनेटचा २०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला २०० मेगाबिट वेगाचा, प्लॅन घेतला. तरी फोनवर वेग मोजला की कधी ३० दिसे, कधी ६०. तक्रारीला उत्तर ठरलेले : ‘मॅडम, राउटर बंद करून परत चालू करा.’

दिवाळीत भाचा आला तेव्हा त्याने पहिलीच चूक दाखवली. ‘मावशी, फोनवर दिसतो तो तुझ्या वायफायचा वेग. लाइनचा नव्हे.’ आमचे घर चिऱ्याचे, भिंती हातभर जाड. वायफायची ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान असते, पण अशा भिंतीपुढे तिचे काही चालत नाही. २.४ ची लहर आतल्या खोलीपर्यंत पोचते, पण तिला वेग कमी. त्याने घरातले सगळे फोन आणि टीव्ही बंद करायला लावले आणि माजघरातल्या राउटरला वायरने लॅपटॉप जोडला. आकडा आला ९४. पुन्हा मोजले, ९४. तिसऱ्यांदा ९३. तो म्हणाला, ‘लाइनवर गर्दी असती तर आकडा वरखाली झाला असता. हा एकाच जागी अडतोय, म्हणजे मध्ये कुठेतरी शंभराची वेस आहे.’

ती वेस सापडली ओटीवरच्या फायबरच्या डबीपासून राउटरपर्यंत आलेल्या वायरीत. टोकाची पारदर्शक क्लिप उजेडात धरली तर आत आठ तारा हव्यात तिथे चारच. नारिंगी आणि हिरवी जोडी लावलेली, निळी आणि तपकिरी मुळाशी कापून टाकलेली. चार तारांवर १०० एमबीपीएसपर्यंतच वेग मिळतो, त्यापुढे आठही लागतात. नवी वायर घालून मोजले, तेव्हा १९६ आले. वर्षभर पैसे २०० चे भरले आणि वापरले निम्मे, कारण जोडणी करून गेलेल्या माणसाने क्लिप घाईत लावली आणि जाताना वेग मोजून दाखवला नाही. याचे मला मनापासून वाईट वाटले.

वाचकांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एमबीपीएसमधला ‘बी’ बिटाचा आहे. फाइल उतरताना संगणक बाइट दाखवतो आणि ८ बिटांचा १ बाइट होतो, म्हणून २०० ला आठाने भागा : सेकंदाला २५ मेगाबाइट. तेवढे मिळत असेल तर फसवणूक नाही. दुसरे, जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. माझा आवाज आणि फळा मुलांपर्यंत जातो तो अपलोडवर, तेव्हा तोही विचारून घ्या. आणि मोजायचे तर सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा मोजा, कारण एकच फायबर वाटेत फोडून ३२ किंवा ६४ घरांना दिलेली असते आणि रात्री सगळी घरे जागी असतात.

हे झाले लाइन घरात आलेल्यांचे. माझी एक विद्यार्थिनी तालुक्यातल्याच एका वाडीवरून तासाला बसते, तीही सड्यावर चढून, कारण घरात सिग्नल नाही. पाऊस आला की तिचा तास बुडतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी लागणाऱ्या वेगाची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून (म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसवरून) २ एमबीपीएसवर नेली. तिच्या अंगणात फोनच्या सिग्नलवर मोजले तर १ सुद्धा भरत नाही. तिच्या वडिलांसाठी मी चौकशी केली. भारतनेटची (ग्रामपंचायती इंटरनेटने जोडण्याच्या सरकारी योजनेची) फायबर ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आली आहे, पण तिथून वाडीवर कोण नेणार हे कुणालाच सांगता येईना. बीएसएनएलची फायबर, गावच्या केबलवाल्याची लाइन, घरावर डबी बसवून फाइव्ह-जीवर चालणारी सेवा, अशी नावे चार ऐकू येतात. जाहिरातीत ‘रत्नागिरी जिल्ह्यात उपलब्ध’ असते. कोकणात जिल्हा म्हणून चालत नाही, वाडी विचारावी लागते. एक पऱ्या (ओढा) ओलांडला की खांब संपतो.

म्हणून दोन मागण्या. जोडणी करणाऱ्याने ग्राहकासमोर वायरने वेग मोजावा आणि डाउनलोड, अपलोड दोन्ही आकडे पावतीवर लिहून द्यावेत. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने फलकावर वाडीवार यादी लावावी : इथे कोणाची लाइन येते, कितीची, बिघाड झाला तर कुणाला फोन करायचा. आपल्या तालुका वार्ताहरांनी ही चौकशी एकदा पंचायत समितीत करावी, ही विनंती. त्या मुलीची परीक्षा फेब्रुवारीत आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, देवरुख (जि. रत्नागिरी)