देणगीची सवलत आणि वर्गणीची ओळ

महोदय,

अमेरिकेतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांवर आपल्याकडे जे छापून येते, त्यात राज्यपाल, विधिमंडळ आणि न्यायालय हे तिघे ठळकपणे दिसतात. या तिघांच्या कितीतरी आधी कामाला लागलेला देणग्यांचा पैसा मात्र सहसा दिसत नाही. विस्कॉन्सिन राज्याच्या एका खात्यात मी अनेक वर्षे नोकरी केली आणि तेथील ‘ॲक्ट १०’ हा कायदा स्वतःच्या पगारपत्रकावर पाहिला, म्हणून हे पत्र.

ज्या विस्कॉन्सिनने १९५९ मध्ये देशात सर्वप्रथम सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क कायद्याने दिला, त्याच राज्यात ११ मार्च २०११ रोजी राज्यपाल स्कॉट वॉकर यांच्या सहीने झालेल्या ‘ॲक्ट १०’ने तो बहुतांशी काढून घेण्यात आला. पोलीस आणि अग्निशमन दल वगळता बाकीच्यांना केवळ मूळ वेतनावर, आणि तेही महागाईच्या दरापुरतेच, बोलता येईल असे ठरले. संघटनेला दरवर्षी नव्याने मान्यता घ्यावी लागते आणि तीसुद्धा झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण पात्र कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के मतांनी. म्हणजे जो मतदानाला येत नाही तो विरोधात धरला जातो. पेन्शनसाठी पगाराच्या सुमारे ५.८ टक्के रक्कम कापली जाऊ लागली, हे एक वेळ सोसले. पण पगारपत्रकातली संघटनेच्या वर्गणीची ओळच नाहीशी झाली, याचा अर्थ कळायला काही महिने गेले. पगारातून परस्पर जाणारी वर्गणी वेगळी आणि दरमहा आठवणीने पाठवायची वर्गणी वेगळी. आमच्या मजल्यावरचे निम्मे लोक कोणत्याही वैचारिक मतभेदाविना, निव्वळ आळसाने सभासद राहिले नाहीत.

हा कायदा एका राज्यपालाच्या डोक्यातून एका रात्रीत निघालेला नव्हता. राज्यातील मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात ॲलन-ब्रॅडली कंपनीचा घड्याळाचा मनोरा आहे; चार तबकड्यांच्या घड्याळांत २०१० पर्यंत तो जगात सर्वांत मोठा गणला जाई. ही कंपनी १९८५ मध्ये रॉकवेल या कंपनीला विकली गेली आणि त्या पैशाने ब्रॅडली फाउंडेशन देशातील बड्या दानसंस्थांमध्ये जाऊन बसले. (त्या कारखान्यातील कामगारांची स्वतःची संघटना होती, हे जाता जाता नमूद करतो.) राज्यातील विस्कॉन्सिन पॉलिसी रिसर्च इन्स्टिट्यूट, मॅकआयव्हर इन्स्टिट्यूट यांसारख्या धोरणसंस्थांना (थिंक टँकना) या फाउंडेशनने वर्षानुवर्षे पैसा पुरवला आणि फाउंडेशनचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल ग्रीब हेच वॉकर यांच्या प्रचार समितीचेही अध्यक्ष होते. यात बेकायदा काही नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

हे कायद्यात कसे बसते, ते पाहण्यासारखे आहे. खासगी फाउंडेशनला विशिष्ट विधेयकासाठी आमदारांकडे रदबदली करता येत नाही. केल्यास दंडात्मक कर बसतो. परंतु तेच फाउंडेशन एखाद्या धोरणसंस्थेला ‘सर्वसाधारण कार्यासाठी’ अनुदान देऊ शकते आणि ती संस्था ठरावीक मर्यादेत रदबदली करू शकते. अभ्यास-अहवाल रदबदलीत मोजला जात नाही, न्यायालयातला दावाही नाही. म्हणून एका बाजूला अहवाल, दुसऱ्या बाजूला वकिलांची फौज, असा दुहेरी मार्ग तयार होतो. देणगीदाराला मिळणारी करसवलत आपल्याकडे ‘८०जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, देणगीवरील आयकर सवलतीसारखीच असते, वाचलेला कर अर्थातच इतर करदात्यांच्या वाट्याला येतो.

शेजारच्या इलिनॉयमधील जेनस खटला याच वाटेने गेला. मार्क जेनस या राज्य कर्मचाऱ्याच्या पगारातून, तो सभासद नसतानाही, संघटना त्याच्या वतीने करत असलेल्या वाटाघाटींच्या खर्चापोटी दरमहा सुमारे ४५ डॉलर कापले जात. मुळात दावा राज्यपाल ब्रूस राउनर यांनी २०१५ मध्ये आणला होता. त्यांना तो अधिकार नाही असे ठरल्यावर जेनस पुढे आले आणि देणग्यांवर चालणाऱ्या दोन विधिसंस्थांनी तो लढवला. २७ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी १९७७ चा आपलाच निर्णय रद्द केला आणि देशभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांकडून अशी सक्तीची वसुली बंद झाली.

जेनस यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. सरकारशी वाटाघाटी हेही राजकारणच, मग न पटणाऱ्या राजकारणाला आपला पैसा का जावा, हा प्रश्न आमच्या कचेरीतही एक सहकारी डबा खाताना नेहमी विचारत असे आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हते. पण मग तोच प्रश्न उलटाही विचारता आला पाहिजे. संघटनेची वर्गणी पूर्वी काही अटींवर संघराज्याच्या आयकरासाठी उत्पन्नातून वजा करता येत असे. २०१८ पासून, म्हणजे जेनस निकालाच्याच वर्षापासून, नोकरदारांची ती वजावट बंद आहे. संघटनेविरुद्ध दावे चालवणाऱ्या विधिसंस्थेला दिलेली देणगी मात्र आजही वजा होते. शिवाय २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने, मोठ्या देणगीदारांची नावे राज्य सरकारला कळवण्याची कॅलिफोर्नियाची अट घटनाबाह्य ठरवली. कर्मचाऱ्याच्या ४५ डॉलरांचा हिशेब भर न्यायालयात मांडला जातो. लाखो डॉलर देणाऱ्याचे नाव मात्र झाकलेले राहू शकते.

संघटना काही गरीब गाय नाहीत. निवडणुकांत त्याही भरपूर खर्च करतात आणि कामगारांची बाजू मांडणाऱ्या वॉशिंग्टनमधील इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटला संघटनांचा पैसा मिळतो. पैसा कोणाचा हे उघड सांगण्याचा नियम तेथेही लागू व्हावा. ‘ॲक्ट १०’चा मोठा भाग डिसेंबर २०२४ मध्ये विस्कॉन्सिनमधील डेन काउंटीच्या (जिल्ह्याच्या) न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरवला आणि प्रकरण अपिलात गेले, त्यामुळे दोन्हीकडचे अहवाल पुन्हा पुढे येणार, हे उघड आहे.

आपल्याकडे सभासद नसलेल्या सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून संघटनेसाठी पैसा कापला जात नाही, त्यामुळे जेनससारखा वाद येथे उद्भवण्याचे कारण नाही. पण मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा तिजोरीवरच्या बोजाचे आकडे नाना ठिकाणांहून येत होते आणि ते आकडे मांडणाऱ्यांना कोण पोसते, हे वाचकाला कळायला मार्ग नव्हता. आपल्या दैनिकाला विनंती आहे की, देशी असो वा अमेरिकी, कोणत्याही धोरणसंस्थेच्या अहवालाचा हवाला देताना ती संस्था कोणाच्या पैशावर चालते हे एका ओळीत छापावे आणि संस्था ते सांगत नसेल, तर तसेही छापावे.

– एक निवृत्त कर्मचारी, पुणे (पूर्वी मॅडिसन, विस्कॉन्सिन)